दोन किल्ल्यांचं कुलूप

मी एक पितळी कुलूप आहे. गप्प राहणं हेच माझं काम, त्यामुळे मी बोलतोय याचं तुम्हाला नवल वाटेल. पण बीडच्या कोर्टात माझ्याबद्दल इतकं बोललं गेलं, तिथल्या टेबलावर मी दिवसभर पडून होतो, आणि मला मात्र कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज सांगतो.

माझा जन्म अलीगढचा. बीडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी दोरीला लटकत होतो, तिथून त्रिंबक लोहारानं मला घेतलं. त्यानं मला हातावर तोललं, कानाशी धरून किल्ली दोनदा फिरवली आणि म्हणाला, "आतून साफ हाय." लोखंडातला माणूस तो. त्याच्या पसंतीचा मला अभिमान वाटला.

नेकनूरच्या बाजारात, एसटी थांबते तिथून चार पावलांवर त्रिंबकचं दुकान होतं. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, आत ऐरण आणि भाता. जागा कल्याणआप्पांची. आप्पा कापडाचे व्यापारी, घर मागच्याच गल्लीत. त्यांनी ही जागा त्रिंबकच्या वडिलांना भाड्यानं दिली तेव्हा कागद केला नव्हता. नारळ फोडला, खोबरं वाटलं, झालं. पुढं भाड्यावरून कधी शब्द झाला नाही.

त्रिंबक कोयते घडवायचा. दसऱ्याआधी ऊसतोडीच्या टोळ्यांची त्याच्याकडे रीघ लागे. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडं निघत आणि गाव निम्मं होई. मग त्रिंबकही बायकोला, चंद्रभागाबाईंना घेऊन त्यांच्या मागोमाग जाई. तिकडं कोयत्यांना धार लावायची, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांच्या धावा बसवायच्या. गिऱ्हाईक तिकडं गेल्यावर लोहारानं इथं बसून करायचं काय? गुढीपाडव्याला दोघं परतत.

मी आलो त्या वर्षी निघताना तो आप्पांच्या दारात गेला. मी त्याच्या हातात होतो.

"आप्पा, उद्यापासून दुकान बंद हाय आपलं."

"बंद म्हनू न्हाई बे," आप्पा म्हणाले. "दुकान वाढवलं म्हनावं. आपल्यात बंद म्हनतेत का कुठं?"

तेवढ्यात आप्पांच्या पत्नी, गंगासागरकाकू, बाहेर आल्या. "एक किल्ली माझ्यापाशी ठिवून जा, त्रिंबक. चार-पाच म्हयने ऐरणीम्होरं दिवा न्हाई, बरं दिसतंय का? सोमवारी म्हादेवाला जातेच मी. वाटंतच हाय तुझं दुकान."

"तुमाला कशाला तरास, काकू?"

"तरास कसला? उंदरानं भाता खाल्ला तर पाडव्याला काय तोंडानं फुकशील?"

"तोंडानं लई फुकतेत हे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तेवढंच येतंय."

आप्पासुद्धा हसले. माझी दुसरी किल्ली काकूंच्या पदराच्या गाठीत गेली.

अकरा वर्षं काकूंनी एक सोमवार चुकवला नाही. त्या मला उघडत, झाडून घेत, ऐरणीला विभूती लावत, दिवा ठेवत, भात्याचं कातडं चाचपून बघत. एकदा त्यांना ताप होता, तर आप्पा स्वतः आले. किल्ली उलटी धरली होती त्यांनी. माझ्याशी बराच वेळ झटले, मग स्वतःशीच हसले. शेवटी मी त्यांच्या हातात उघडलो. हे ध्यानात ठेवा.

सत्त्याण्णव सालापर्यंत आमचा बाजार पार बदलला होता. पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला, थंड पेयांचे फ्रीज आले, माळवदांवर टीव्हीच्या छत्र्या उभ्या राहिल्या. आप्पांचा मुलगा केदारनाथ मोटरसायकलींची एजन्सी आणायच्या खटपटीत होता. माघ महिन्यात, त्रिंबक कारखान्याच्या तळावर असताना, तो कंपनीच्या माणसाला घेऊन आला. दोघांनी दुकानाचं तोंड मोजलं. टेपचं टोक त्यांनी माझ्याच कडीत अडकवलं होतं. मला वाटलं, पडवीचा पत्रा बदलायचा असेल.

पाडव्याला त्रिंबक आला. तिसऱ्या दिवशी पोस्टमन बबनराव रजिस्टर पाकीट घेऊन आले. त्रिंबकला वाचायला जड जाई, म्हणून त्यांनीच वाचलं. दुकान चार महिन्यांहून अधिक काळ विनाकारण बंद ठेवलं आहे, सबब जागा रिकामी करून द्यावी. खाली सही कल्याणआप्पांची.

"परत वाचा," त्रिंबक म्हणाला.

बबनरावांनी परत वाचलं.

"बंद? आप्पांनी बंद लिव्हलंय?"

"तीनदा हाय," बबनराव हळू म्हणाले.

त्रिंबकनं भट्टीतला निखारा विझवला. संध्याकाळी तो आप्पांकडं जाऊन आला. चंद्रभागाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "म्हनले, केदार बघतोय ते. वर मान करून बोललेच न्हाईत."

नारळ, विभूती, अकरा वर्षांचे सोमवार एका पाकिटात असे पुसले जाऊ शकतात, हे मला समजतच नव्हतं. मला वाटत होतं, काहीतरी चूक झाली असणार.

पिढीजात दुकान जायची पाळी आली, आणि प्रकरण बीडच्या कोर्टात गेलं. त्रिंबकच्या वकिलांनी सांगितलं, "दुकान दर सोमवारी उघडत होतं हे दाखवू. कुलूप आणि दोन्ही किल्ल्या आणा. आणि त्या बाईंची साक्ष लागेल."

"नवऱ्याइरुद्ध कशाला येतील त्या?" त्रिंबक म्हणाला.

पण काकू आल्या. आप्पा आणि केदारनाथ जीपमधून गेले. काकू एसटीनं आल्या, चंद्रभागाबाईंच्या शेजारी बसून. घरी काय झालं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. डोळे मात्र सुजलेले होते.

आधी आप्पांची साक्ष झाली.

"दुकान त्या काळात बंद होतं?"

"होय."

"मध्ये कुणी उघडत होतं?"

"न्हाई."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्याकडं बघितलं असतं तर त्यांना ते म्हणवलं नसतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी बघितलं नाही.

मग काकू उभ्या राहिल्या. "दर सोमवारी मी उघडत होते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. हे कुलूप, ही किल्ली. दुकान कवाच बंद नव्हतं."

त्रिंबकनं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली. मलाही वाटलं, संपलं आता.

आप्पांचे वकील तरुण होते आणि फार नम्र. "आई, ही किल्ली कुणाकडे असायची?"

"माझ्याकडं. पदराला."

"आत जाताना त्रिंबकला विचारावं लागायचं?"

"त्यात काय इचारायचं? तो तिकडं तळावर."

"आत त्याचा धंदा चालायचा?"

"दिवा लावत होते मी. ऐरणीला विभूती..."

"धंदा, आई."

"धंदा कसा चालंल? लोहारच न्हाई तर."

वकील न्यायाधीशांकडं वळले. "किल्ली मालकाच्या घरात. येणं-जाणं मालकाच्या घरचं. भाडेकरूचा धंदा चार महिने नाही. म्हणजे ताबा मालकाचाच, आणि हे सांगणारी साक्षीदार भाडेकरूचीच आहे, साहेब."

टंकलेखकानं ते सगळं टकटक लिहून घेतलं. काकूंना क्षणभर उमगलं नाही. मग त्यांनी कठडा धरला. "मी त्याच्या बाजूनं सांगायला आले होते, बापा."

"बाई, विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले. सुरात राग नव्हता.

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर होते. मी त्रिंबकच्या पिशवीत. नेकनूरला उतरताना त्रिंबक म्हणाला, "तुमी खरं तेच सांगितलं, काकू."

दोन वर्षांनी निकाल लागला आणि त्रिंबक हरला. त्यानं स्वतःच्या हातानं ऐरण उपटली. तिथं आता लोखंडी शटर आहे आणि काचेआड मोटरसायकली उभ्या आहेत. आप्पा गल्ल्यावर बसतात, म्हणे. रस्त्याकडं पाठ करून.

आम्ही चौसाळ्याला आलो. चंद्रभागाबाईंच्या भावाचं, अजिनाथचं शेत हमरस्त्याला लागून आहे. त्याच्या बांधावर पत्र्याचं शेड घातलं, आणि त्याच्या दाराला मी.

पहिल्याच दिवाळीनंतर, तळावर निघायच्या आदल्या दिवशी, गंगासागरकाकू एसटीतून उतरल्या. केस पार पांढरे झाले होते. ऐरणीला विभूती लावली, भाता चाचपला, पाणी प्यायल्या. त्रिंबकनं खिळ्यावरची दुसरी किल्ली काढली आणि सवयीनं त्यांच्यापुढं धरली.

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको, त्रिंबक."

"घ्या की, काकू," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "हितं कोन मालक हाय आता?"

"ते न्हाई. माझ्या हातात ती बरी न्हाई."

जाताना त्यांनी बोटाला उरलेली विभूती माझ्या कपाळावर टेकवली.

आता माघ चालू आहे. त्रिंबक तळावर आहे आणि दुसरी किल्ली शेडच्या आत, खिळ्याला. कोर्टात आप्पांनी सांगितलं होतं तसा मी आता खरोखरच बंद आहे. दिवाळीपासून मला कुणी हात लावलेला नाही. कडीत धूळ बसली आहे. समोरून नेकनूरची एसटी जाते तेव्हा मी कान देतो, आणि ती न थांबता पुढं जाते.

मला कोर्टात विचारलं असतं तर मीही काकूंसारखंच खरं ते सांगितलं असतं, आणि त्रिंबक तरीही हरला असता. याचा धक्का माझ्या पितळेतून अजून जात नाही.

तुम्ही कधी नेकनूरला गेलात, तर मागच्या गल्लीत आप्पांचं घर विचारा. आप्पांशी बोलू नका. काकूंना एवढाच निरोप द्या, की कुलपानं सांगितलंय, तुमच्या हाताचा काही दोष नव्हता. आणि जमलं तर एखाद्या सोमवारी चौसाळ्याला उतरा म्हणावं. उघडायला नको. नुसतं बाहेर उभं राहिलं तरी चालेल.