दुपारची बदकं

सिस्टर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. चौतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात काढली. सर्जननं हात पुढे करायच्या आत हवी ती कात्री त्याच्या तळव्यावर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यामुळे आपला हात आणि आपली नजर या दोन गोष्टींचा त्यांना थोडा गर्व होता, आणि तो काही खोटा नव्हता.

त्या हाताला आता दुपारीच काय ते काम असे. जेवणाची भांडी घासून झाली की त्या दाराला आतून कडी लावत, जुन्या डबड्या टीव्हीला व्हिडिओ गेम जोडत आणि प्लास्टिकच्या बंदुकीनं बदकं मारत. गेम लेकाचा. तो दहा वर्षांचा असताना घेतलेला, पंधराव्या वर्षी त्यानं टाकून दिलेला. त्यानं टाकला, आईनं उचलला. गवतातून बदकं उडायची, टिपली की टपकन पडायची, सुटली की पंख फडफडवत वरून पसार व्हायची. पंचवीस वर्षं तीच बदकं, तेच गवत, तीच टुणटुण, आणि मजा तेवढीच. कंटाळा कसा येत नाही, असं कुणी विचारलंही असतं, पण विचारणार कोण? कुणाला पत्ताच नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पोराटोरांचा खेळ खेळायचा म्हणजे लोक तोंडावर हसतील, असं त्यांना वाटे. चुकून कुणाला कपाटात बंदूक दिसलीच, तर "नातीसाठी ठेवलीय" म्हणून मोकळ्या होत.

लेक लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. सोमवारी तो नवा टीव्ही घेऊन आला. फळीसारखा पातळ आणि अर्ध्या भिंतीएवढा. तो लावून जाताना जुना उचलून घेऊन गेला. सिस्टर "कशाला रे एवढा खर्च" एवढंच म्हणाल्या. लेक गुणाचा होता. दोष असलाच तर एवढाच, की आई बोलेल ते तो शब्दशः खरं मानायचा. "मला काही नको" असं तिनं म्हटलं की त्याच्यापुरता विषय संपला. आणि आई तर जन्मभर तेच म्हणत आलेली.

मंगळवारी दुपारी त्यांनी कडी लावून गेम जोडला. चित्र आलं, टुणटुण वाजली, बदकं उडाली. पहिली गोळी हुकली. दुसरीही. दहाच्या दहा बदकं डोळ्यांदेखत उडून गेली. सिस्टरनी चष्मा पुसला, परत खेळल्या, परत भोपळा. मग त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला. थरथरत नव्हता. पण बरोबरीच्या एकेकीचे हात गेलेले त्यांनी पाहिले होते. आता आपली पाळी, असं त्या धरूनच चालल्या आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी काय सुचलं कोण जाणे, त्या उठल्या आणि बंदुकीचं तोंड थेट बदकाच्या पोटावर टेकवून चाप ओढला. बदक खुशाल उडून गेलं. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. एवढ्या जवळून आंधळाही चुकला नसता. दोष बंदुकीचा.

कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं गुरुवारी बंदूक उघडली, आतली काच पुसली, वायर तपासली आणि परत बंद केली. बंदुकीला काही झालेलं नव्हतं. मग त्यानं टीव्ही कुठला ते विचारलं.

"सिस्टर, ही बंदूक गोळी मारत नाही, ही फक्त बघते," तो म्हणाला. "जुन्या काचेच्या टीव्हीचाच उजेड तिला ओळखू येतो. नव्यापुढे ती आंधळी. जुना असेल तर जपा, तसले आता कुणी बनवत नाही."

संध्याकाळी त्यांनी लेकाला फोन लावला. जुना टीव्ही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पडला होता आणि शनिवारी भंगारवाला तो नेणार होता. नातीला लागेल म्हणत होते, असं सिस्टरनी म्हणून पाहिलं. लेक हसला, ती टीव्हीकडे ढुंकूनही बघत नाही म्हणाला. मग, असू दे म्हटलं जुनी आठवण, असं म्हणून पाहिलं. त्यावर त्यानं फोटो काढून पाठवायचं कबूल केलं. आणि खरंच पाठवला, दोन बाजूंनी.

सिस्टर फोटोकडे बघत स्वतःवरच चिडल्या. "एक बोळा कमी भरतोय, पोटात राहिला असेल, मोजल्याशिवाय टाके घालू देणार नाही" असं भल्याभल्या सर्जनना खणखणीत सांगणारी बाई, आणि स्वतःसाठी एक डबडं मागायचं तर दातखीळ बसते, म्हणजे काय?

शनिवारी सकाळी त्या बसनं वर्कशॉपला गेल्या. दारात ग्रीसनं माखलेल्या लिफ्टच्या मोटरी आणि तारदोरांची वेटोळी पडली होती. भंगारवाल्याचा टेम्पो आलाच होता, आणि त्याच्या एका माणसानं टीव्ही कवेत उचललाही होता.

"अगं आई, तू इथे? बरी आहेस ना?" लेक पुढे धावला. पाच-सहा जण हातातलं काम थांबवून बघू लागले.

नातीचं नाव जिभेवर आलं होतं. सिस्टरनी ते गिळलं.

"तो टीव्ही मला हवाय," त्या म्हणाल्या. "नातीला नाही, मला. मी रोज दुपारी त्याच्यावर बदकं मारते."

कुणीतरी फिसकन हसलं. लेक हसला नाही.

"कधीपासून?"

"तू सोडलास तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले ना आज."

लेकानं टीव्ही स्वतः उचलून कंपनीच्या व्हॅनमध्ये ठेवला, खाली जुनी सतरंजी घातली. पुढच्या बाकावर ड्रायव्हर, मधे सिस्टर आणि दाराशी लेक असे तिघं बसले. मग लेकानं दहापैकी किती पडतात असं विचारलं. दहा, सिस्टर म्हणाल्या, आणि दिवस वाईट असला तर नऊ. आपली कधी सहाच्या वर गेली नाहीत, हे लेकानं कबूल केलं. सिस्टरना ते आधीच माहीत होतं, पण ऐकून फार बरं वाटलं. असं उघड बरं वाटून घ्यायची त्यांना सवय नव्हती. बाजूनं रस्ता पळत होता आणि तो त्यांना मान वाकडी करूनच दिसत होता.

"गाडी जरा बाजूला घ्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "उतर खाली. मला खिडकीशी बसायचंय."

"तुला तर वारा सोसत नाही ना?"

"लहानपणी तुला खिडकी हवी असायची, म्हणून तसं सांगायचे."

लेक खाली उतरला, आणि आई सरकून नीट बसेपर्यंत दार धरून उभा राहिला.