मोठा भाग

दीड महिन्यापूर्वी दादा कामावर जायला निघाला आणि वाटेत बसमध्येच गेला. छातीत कळ आली, शेजारच्या माणसाने खिडकी उघडून दिली, तोवर सगळं आटोपलं होतं. घरात उरल्या आई आणि धाकटी. धाकटी म्हणजे दादाची बहीण. चाळिशीला टेकली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. ती घरी बसून कॉम्प्युटरवर एका औषध कारखान्यासाठी बाटल्यांवरची लेबलं करून द्यायची. आठवडा संपायच्या आत ती पुन्हा कामाला बसली तेव्हा लोक म्हणाले, धीराची आहे पोर. खरं तर तिला काही वाटतच नव्हतं. भूल दिलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तशी ती दिवसभर स्वतःला चाचपून बघायची. काहीच लागायचं नाही.

मग कॉम्प्युटर बसला. चालू केला की निळा पडदा, त्यावर एक रडका चेहरा, आणि परत अंधार.

"यालाच आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसतंय," ती आईला म्हणाली. आई भाजी निवडत होती.

असं झालं की दादा फॉरमॅट मारून द्यायचा. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. कारखान्याला खोकल्याच्या औषधाचं लेबल उद्या हवं होतं. दुपारभर विचार करून धाकटीने वहिनीचा नंबर काढला. पूर्वीची वहिनी म्हणायला हवं. दादा आणि ती वेगळे होऊन तीन वर्षं झाली होती. ती दुसऱ्या गावी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. दादा गेल्याचं तिला कळवलं नव्हतं. 'तिला कशाला?' असं आई तेव्हा म्हणाली होती आणि विषय तिथेच मिटला होता.

"अगंबाई, धाकटी!" फोनमधून वहिनीच्या आवाजामागे पंख्यांची घरघर येत होती. "आज बरी आठवण झाली?"

"कॉम्प्युटर बसलाय. निळा पडदा येतोय."

"मग साहेब काय करतायत? त्यांचे हात मोडलेत का?"

"तो नाहीये," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं.

"बरं. इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह आहे? तो एक करून ठेवतो नेहमी."

खणात वायरी, जुने चार्जर आणि वाळलेल्या पेनांच्या खाली तो सापडला. धाकटीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. वहिनी सांगत गेली आणि ती करत गेली. पेनड्राइव्ह लाव, चालू होताना हे बटण दाब, भाषा निवड, पुढे, पुढे. वहिनी शिकवायची छान. आपण मठ्ठ आहोत असं समोरच्याला वाटू द्यायची नाही.

"आता यादी आली असेल. ड्राइव्ह झीरो, पार्टिशन एक, दोन असं काहीतरी."

"आलीये. एक लहान आहे, त्याच्याखाली एक मोठं."

"लहान भागात विंडोज आहे, तेवढाच काढायचा. मोठ्याला हात लावू नकोस, त्यात तुझं काम असेल."

"माझं सगळं कारखान्याकडे जातं. मोठ्यात दादाचं आहे."

"मग तर मुळीच नको. आणि थांब, तो अर्धा पसारा डेस्कटॉपवर टाकतो. डेस्कटॉप लहान भागातच येतो. काढायच्या आधी त्याला एक फोन लाव."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. "फोन लावता येणार नाही, वहिनी. दादा गेला."

"कुठे?"

"गेला. दीड महिना झाला. बसमध्ये, हार्ट अटॅक."

पंख्यांची घरघर येत राहिली. धाकटीचा हात माउसवरच होता. तिने लहान भाग निवडला, डिलीट दाबलं. नक्की का, असं विचारलं, नक्की म्हटलं. ती ओळ गेली आणि खालची ओळ आपोआप निवडली गेली. तिने पुन्हा डिलीट दाबलं. पुन्हा नक्की म्हटलं. दार उघडं दिसलं की आपण लोटतो, तितक्या सहज.

"धाकटे," वहिनी शेवटी म्हणाली, "काय दिसतंय?"

"एकच ओळ. रिकामी जागा."

"एकच? मोठा भाग?"

"तोही काढला."

"काहीही दाबू नकोस आता." वहिनीचा आवाज एकदम लॅबमधला झाला. "नुसतं काढल्याने पुसलं जात नाही. वर नवीन काही लिहिलं नाही तोवर परत मिळतं. डिस्क काढून माझ्याकडे पाठव. सगळं नाही, पण बरंचसं काढून देईन."

दारात आई उभी होती. केव्हापासून कोण जाणे.

"काय होतं त्यात?" तिने विचारलं.

"माहीत नाही. फोटो असतील, गाणी असतील. त्याने कधी दाखवलं नाही."

"तुला हवंय?"

धाकटीने स्वतःला पुन्हा चाचपून पाहिलं. "कळत नाहीये, आई."

आई टेबलाजवळ आली आणि वाकून फोनशी बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुला हवंय का गं?"

फोनमधून उत्तर आलं. "नको, आई. माझ्या हातात आलं तर मी तेच उघडत बसेन."

"मग होऊ दे पुढचं," आई म्हणाली. जाता जाता थांबली. "हिला कोणी कळवलं नव्हतं?"

"तूच म्हणालीस, तिला कशाला."

"मी म्हणाले?" आईला खरंच आठवत नव्हतं.

धाकटीने 'पुढे' दाबलं. पडद्यावर टक्के चढू लागले. वहिनीने फोन ठेवला नाही. मधूनच विचारायची, "किती झालं?" धाकटी आकडा सांगायची. "हं," वहिनी म्हणायची. शेवटी पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "तुझं घाल." धाकटीने आपलं घातलं.

लेबल वेळेत गेलं. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' ही ओळ जरा ठळक करा, एवढंच कारखान्याने कळवलं. प्रिंटर मात्र नव्या विंडोजला ओळख देईना. "रविवारी येते," वहिनी म्हणाली. नको म्हणायला कोणाला सुचलं नाही.

ती आली तेव्हा आईने दार उघडलं. "बारीक झालीस," म्हणाली आणि बाजूला सरली. वहिनीने पाणी घेतलं, पर्स खुर्चीला अडकवली आणि सरळ कामाला लागली. नवीन ड्रायव्हर टाकला, तरी प्रिंटर गप्पच. "वायर सैल असेल," असं म्हणत ती टेबलाखाली शिरली. आत भिंतीशी अडकलेली वायर धाकटीने मागून ओढून काढली आणि तिच्याकडे द्यायला हात पुढे केला. वहिनीने ती घेतली नाही. तिच्या पायांचे फक्त तळवे दिसत होते, सगळी बोटं आत वळवलेली.

"काय झालं गं?" आईने आतून विचारलं.

"काही नाही, आई," टेबलाखालून आवाज आला. "वायर सापडत नाहीये."

वायर धाकटीच्या हातात होती. ती तशीच फरशीवर बसली, टेबलाच्या पायाला पाठ टेकून.