पुलाच्या सावलीतला रपटा

मित्रांनो, आजकाल मला मान वर करूनच बघावं लागतं. मी एक जुना रपटा आहे. रपटा म्हणजे ठेंगणा पूल. अंगावरून रस्ता, पोटातून पाण्याच्या मोऱ्या. शिरपूरहून मालेगावकडे जाणाऱ्या एका आडवाटेवर, नाल्यात मी पसरलो आहे. आणि मला अगदी खेटून तो उभा आहे, नवा पूल. उंच, गोरा, काळ्या-पिवळ्या कठड्यांचा.

खरं सांगू? माझा जळफळाट होतो.

दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी मला काळ्या दगडात बांधलं. तेव्हा माझंही कौतुक झालं होतं. बैलगाड्या, सायकली, मग मोटारसायकली, सगळ्यांना मी कोरड्या पायांनी पार नेलं. फक्त पूर आला की मी बुडायचो. शाळेतली मुलं पलीकडे अडकायची आणि त्यांच्या आया अलीकडे, तोंडाशी पदर धरून, पाणी उतरायची वाट बघायच्या. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून नवा पूल हवाच होता. हे कळतं मला, पण बघवत नाही.

त्याच्यासाठी नारळ फुटला, झेंडूच्या माळा लागल्या. पोरं त्याचे फोटो काढायची, तेही माझ्या अंगावर उभं राहून! स्लॅब पडला तेव्हा त्याला तान्ह्या बाळासारखं ओल्या तरटात गुंडाळलं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मला कधी कुणी असं जपलं? एखादी भेग पडावी मेल्याला, असंही मनात येऊन गेलं.

माझ्याकडे एकच काम उरलं होतं. दसरा झाला की काठावर मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पिकवणाऱ्या गोजराबाई आणि त्यांच्या शेजारणी मातीच्या पोत्यांनी माझ्या मोऱ्या बुजवतात. मग पाणी माझ्या पाठीशी थांबतं, आजूबाजूच्या विहिरींत मुरतं. पावसाळ्याच्या तोंडावर पोती काढून घेतात. यंदा तर पोती पुलाच्याच सिमेंटची, रिकामी झालेली होती. त्याचे उतरलेले कपडे माझ्या वाट्याला!

उन्हं तापू लागली आणि एका सकाळी जेसीबी आला. नवा पूल झाला की जुना रपटा तोडायचा, असं आधीच ठरलं होतं. सोबत ठेकेदार धीरज होता आणि कामावरच्या इंजिनिअर सुप्रिया मॅडम. गोजराबाई हातातलं खुरपं घेऊनच धावत आल्या.

"काहून रे, याले कायले फोडून राह्यला?"

"नवा पूल झाला ना तुमाले, आजी. आता या म्हाताऱ्याचं काय काम? मलबा रस्त्याच्या भरावात घालून टाकतो," धीरज म्हणाला.

"म्हातारा कामाचा नाही म्हंतं? मंग तुह्या सासऱ्यालेबी घाल भरावात!"

जेसीबीवाला खो खो हसला. मॅडमही हसल्या. "मावशी, पण तुमचं याच्यावाचून काय अडतं?"

"बाई, माही विहीर याच्याच जिवावर हाय. हा गेला का मेथी-सांबाराचे वाफे गेले."

मॅडमचं हसू थांबलं. त्या माझ्या पाठीशी साचलेल्या पाण्याकडे बघत राहिल्या. काठावर अजून पंपाचा पाइप पडलेला होता.

"धीरज, आपण स्लॅबवर पाणी कुठलं मारलं?"

"इथलंच की, मॅडम. इतकं पाणी असल्यावर टँकर कोण बोलावते?"

मित्रांनो, मी चकित झालो. ज्याच्यावर मी जळत होतो, तो माझंच पाणी पिऊन घट्ट झाला होता!

"जेसीबी मागे घ्या," मॅडम म्हणाल्या. "मी वर कळवते. तोवर याला हात लावायचा नाही."

त्या पुन्हा आल्या, मापं घेतली, माझ्यामुळे पुराचं पाणी पुलाशी तुंबेल का ते तपासलं. शेवटी हुकूम आला. पुराला वाट मिळावी म्हणून माझी एक मोरी रुंद झाली, गाळ निघाला आणि मी वाचलो.

तुमच्या पुस्तकात याला शाश्वत विकास म्हणतात. तुमच्यातलं कुणी उद्या इंजिनिअर होईल. नवं जरूर बांधा, पण जुनं तोडण्याआधी ते गुपचूप कुणाची तहान भागवतंय, एवढं बघा. नाहीतर पूल राहील आणि खाली नदीनाला उरणार नाही.

माझा मत्सर गेला का? नाही. पण दुपार कलली की पुलाची सावली माझ्या पाण्यावर पडते, पाणी उन्हात कमी आटतं. तेवढा वेळ मी त्याच्यावर जळत नाही.

कधी इकडे आलात, तर फोटो त्याचाच काढा, हरकत नाही. पण जाताना आईचा हात धरून खाली उतरा आणि माझ्या मोरीत अडकलेली प्लास्टिकची पिशवी तेवढी काढून न्या.