चौथा गडी आठव्या जागी

सोमवारी बेसबॉलची मॅच नसते, म्हणून कुरासेतली सगळी भांडणं सोमवारी तामाए मावशींच्या कोबीच्या धिरड्यांच्या दुकानात होतात. बाकीचे दिवस आम्ही स्टेडियममध्ये ओरडतो. सोमवारी घशाला विश्रांती म्हणून दुकानात ओरडतो.

मी तोमोनोरी. दिवसा एका दंतवैद्याकडे लोकांना तारखा देतो आणि संध्याकाळी कुरासे ऑटर्स या आमच्या बेसबॉल संघाच्या चीअर पथकात ट्रंपेट वाजवतो. आमच्या झेंड्यावर पाणमांजर आहे. पाणमांजर आमच्या नदीतून कधीच नामशेष झालं. संघही त्याच वाटेवर आहे, असं गणिताचे नेझू मास्तर म्हणतात.

त्या सोमवारी वाद नव्या खेळाडूवरून पेटला होता. संघाने व्हेंचुरा नावाचा एक धिप्पाड डॉमिनिकन गडी घेतला होता आणि मॅनेजरने त्याला थेट चौथ्या क्रमांकावर, म्हणजे संघातल्या सगळ्यात तगड्या फटकेबाजाच्या जागी, बॅटिंगला लावलं होतं.

"त्या पैशात तीन पिचर आले असते," नेझू मास्तर म्हणाले.

"तीन पिचर चेंडू टाकतील. मारणार कोण? तू?" हे इवाकिरीसान, आमच्या पथकाचे प्रमुख. ते चटया विणतात आणि ढोल वाजवतात. दोन्ही कामं एकाच ताकदीने करतात, त्यामुळे चटया फार टिकतात आणि ढोल फार टिकत नाहीत. "व्हेंचुरा ठीक आहे. पण म्हणून हिदाकाला आठव्या नंबरवर टाकायचं? आठव्या?" त्यांनी उलथनं उचलून तव्यावर दणादण आपटलं.

"तवा आहे तो माझा, ढोल नाही," मावशी म्हणाल्या आणि उलथनं काढून घेतलं.

हिदाका आमच्या गावचा. पोरसवदा असताना चौथ्या क्रमांकावर खेळायचा आणि चेंडू स्टेडियमबाहेर टोलवून द्यायचा. आमच्याकडे प्रत्येक बॅट्समनचं स्वतःचं गाणं असतं. तो उभा राहिला की ते सुरू होतं, तो आउट झाला किंवा बेसवर पोहोचला की थांबतं. हिदाकाचं गाणं इवाकिरीसाननी लिहिलेलं:

चौथा गडी, चौथा गडी,
चेंडू समुद्रापार धाडी!

आता तो आठवा आला तरी हजारो लोक चार बोटं वर करून हेच गात होते.

"गाणं बदलूया," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नदी बदलूया म्हणालो होतो.

"नवे शब्द क्लबकडे पाठवायचे, मंजुरी यायची वाट बघायची, मग आउटफिल्डमागच्या अख्ख्या स्टँडला ते शिकवायचे. पुढचा सीझन उजाडेल," इवाकिरीसान म्हणाले. "तूच सांग, सोपं काय? हजारो लोकांना नवं गाणं शिकवणं, की एका मॅनेजरला जुना क्रम शिकवणं?"

 

"दहा वेळा उभा राहिला तर दोन हिटसुद्धा लागत नाहीत त्याचे," मास्तर म्हणाले.

"दुर्दैव आहे ते!"

"दुर्दैवाला इतकं सातत्य नसतं, इवाकिरीसान."

"त्याचा पुढचा पाय बाहेर जातो," मावशी म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय."

"मावशी, तुम्ही कोबी बघा."

"कोबी कापतानासुद्धा असा पाय गेला ना, तर बोट जाईल."

एवढ्यात कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं. हिदाका. कधी येऊन बसला होता देव जाणे. एवढा मोठा माणूस आत आला आणि कोणाला कळलं नाही, यावरून वाद किती रंगला होता ते समजा. आम्ही वर्गात सापडलेल्या पोरांसारखे माना खाली घालून तव्याकडे बघू लागलो.

"चालू द्या, चालू द्या," तो म्हणाला. "मावशी, नेहमीचंच. अंडं दोन घाला."

त्याने खाल्लं. आम्ही त्याला खाताना बघत राहिलो. मग त्याने जेवणाच्या काड्या नीट आडव्या ठेवल्या आणि म्हणाला, "मॅनेजरने सांगितलंय. उद्याची मॅच शेवटची. हिट लागला नाही तर परवापासून क्लबच्या दुसऱ्या, राखीव संघात."

दुसरा संघ कागदाच्या गिरणीमागच्या मैदानावर खेळतो. प्रेक्षकांत पेन्शनर आणि कावळे. सदतिसाव्या वर्षी तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. तिथून तो मेव्हण्याच्या धंद्यात जातो.

"एक विनंती होती," हिदाका म्हणाला. "उद्या माझं गाणं वाजवू नका."

तव्यावर काहीतरी करपलं. एरवी मावशींचं काही करपत नाही.

"आवडत नाही?" इवाकिरीसाननी विचारलं. आवाज एकदम बारीक.

"तसं नाही हो. गेल्या आठवड्यात मी उभा राहिलो, तर समोरच्या संघाचा कॅचर माझ्या मागून, मास्कच्या आतून विचारतो, 'माफ करा, चौथा गडी आलाय का?' अगदी आदराने विचारतो. आणि दुसरं म्हणजे, ते शब्द कानावर पडले की माझे हात आपोआप समुद्राकडे जातात. आठव्या नंबरवर समुद्र काय करायचाय? मला पहिला बेस मिळाला तरी पुष्कळ."

मग काय वाजवायचं, यावर लगेच नवा वाद. कोणी म्हणालं, शाळेचं गीत. कोणी म्हणालं, नुसता ढोल. पण नुसता ढोल वाजला तरी लोक तेच शब्द गाणार, हे इवाकिरीसाननाच पटलं. शेवटी ठरलं, काहीच वाजवायचं नाही. याला कोणी विरोध केला नाही, कारण हे जमेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

मंगळवारी इवाकिरीसाननी आउटफिल्डभर फिरून सगळ्यांना बजावलं. हिदाका आला की तोंड बंद.

तो पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही तोंडं बंद केली. स्टेडियममधली शांतता आम्ही कोणीच आधी ऐकली नव्हती. माझ्या मागचा माणूस नूडल्स ओढत होता, तो अर्ध्यात थांबला आणि नूडल्स तशाच लोंबकळत राहिल्या. बिअर विकणारी मुलगी कुजबुजत "बिअर... बिअर..." म्हणत पायऱ्या चढली. अंपायरने आधी घड्याळ बघितलं, मग आकाश. हिदाका तीन चेंडूंत आउट.

दुसऱ्यांदा चेंडू सरळ वर गेला आणि कॅचरनेच झेलला.

"शांततेचाही काही उपयोग नाही," नेझू मास्तर कुजबुजले.

"श्श!" इवाकिरीसान म्हणाले. ते ढोलाच्या दांड्या मांडीखाली दाबून बसले होते.

आठव्या इनिंगला आम्ही एका धावेने मागे. दोन आउट, तिसरा झाला की डाव संपला. व्हेंचुरा तिसऱ्या बेसवर, दुसरा एक गडी दुसऱ्या बेसवर, आणि हिदाका बॅट घेऊन आला. पुन्हा सगळं चिडीचूप. पहिला चेंडू त्याने मागे उडवला, फाउल. दुसराही. दोन फाउल म्हणजे दोन चुका, आता एक चेंडू पुरता हुकला की संपलं. पण तिसराही त्याने मागे उडवला, चौथाही. दर चेंडूला अख्खं आउटफिल्ड अर्धं उठायचं आणि परत बसायचं. माझ्या ओठांना ट्रंपेट लावलेलं होतं आणि मी नाकाने श्वास घेत होतो. शेजारच्या बाई स्वतःचाच रुमाल चावत होत्या. असं आणखी थोडं चाललं असतं तर काहीजण फक्त न ओरडल्यामुळे दगावले असते.

आणि तामाए मावशी उभ्या राहिल्या.

"पाय जवळ घे रे!"

हे वाक्य त्या वर्षानुवर्षं बोलत होत्या, पण आमच्या ढोल-ट्रंपेटच्या वर ते कधी गेलंच नव्हतं. आज ते थेट मैदानात गेलं. हिदाकाने हात वर करून वेळ मागितला, आउटफिल्डकडे वळून मान लववली आणि खरंच पाय जवळ घेतला.

मग बांधच फुटला. सल्ला पोहोचतो म्हटल्यावर कोण थांबतंय?

"बंट कर! नुसती बॅट टेकव!"

"वेडा का? दोन आउट आहेत, बंट कसला?"

"चेंडू सोड! फुकटात बेस मिळेल, वॉक घे!" मास्तरांनी पिवळा भोंगा तोंडाला लावला. "तुझी सरासरी बघता—"

"मास्तर, सरासरी आता नको!"

मॅनेजर बाकावरून उठून बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला. बहुधा त्यालाही काही सूचना असतील म्हणून ऐकत होता. तिसऱ्या बेसवरून व्हेंचुरा काहीतरी स्पॅनिशमध्ये ओरडला. त्याचंही मत होतं.

फक्त इवाकिरीसान गप्प होते. शब्द दिला होता त्यांनी. चेहरा जांभळा, मांडीखालच्या दांड्या करकरत होत्या. शेवटी ते ढोलावरच चढले.

"बुडणारा येतोय! बाहेरून येऊन ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू! हात लावू नकोस!"

तो आवाज आला तसं बाकीचं आउटफिल्ड बंद पडलं. पिचर जागच्या जागी थबकला. कॅचरने मास्क वर करून आमच्याकडे टक लावून बघितलं, मग खाली बसून पिचरला दुसऱ्याच चेंडूची खूण केली. पिचरने होकाराची मान हलवली.

चेंडू आला तो सरळ, वेगात, मधोमध. हिदाकाने बॅट अगदी थोडीशी फिरवली. चेंडू समुद्राकडे वगैरे गेला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून, कोणाला त्रास न देता, उजवीकडच्या गवतात गेला. दोघे धावत होम बेसवर आले, दोन धावा. हिदाका पहिल्या बेसवर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला. इवाकिरीसान रडत होते आणि त्यांचे पाय ढोल फाटून आत गेले होते.

ती मॅच आम्ही हरलो. नवव्या, शेवटच्या इनिंगला आमच्या पिचरने तीन धावा दिल्या. घरी जाताना नेझू मास्तर पूर्ण रस्ताभर फक्त "तीन पिचर" एवढंच म्हणत होते.

बुधवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, हिदाका दुकानात आला. त्याला दुसऱ्या संघात पाठवलं नव्हतं. मावशींनी न मागता दोन अंडी घातली.

"मी मुद्दाम ओरडलो," इवाकिरीसान चौथ्यांदा सांगत होते. "मी बुडणारा म्हटलं म्हणून कॅचरने सरळ मागवला. हे मानसशास्त्र आहे."

"पण तुम्ही त्याला हात लावू नकोस म्हणालात," मास्तर म्हणाले.

"ते कॅचरने ऐकावं म्हणून!"

हिदाका मान डोलवत खात होता. निघताना तो बाहेर सायकलचं कुलूप काढू लागला, तेव्हा मी मागोमाग गेलो.

"कॅचरने खूण बदलली, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कुठे कळलं? माझं तोंड पिचरकडे. कॅचर मागे काय करतोय ते मला दिसतं होय?"

"मग सरळ येणार हे कशावरून?"

त्याने दुकानाच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "दर सोमवारी दुकानातल्या टीव्हीसमोर इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून अमेरिकेतल्या मॅच बघतोय. इवाकिरीसान बुडणारा म्हणाले, म्हणजे सरळच येणार. आजपर्यंत एकदाही फसलेलं नाही. त्यांना सांगू नकोस हं, माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

तेवढ्यात इवाकिरीसान दारात आले. "हिदाका! गाण्याचं काय करायचं? आजही सगळे गप्प?"

हिदाकाने सायकल उभी केली, सरळ उभा राहिला आणि कमरेतून वाकला.

"बाकीचे गप्प राहिले तर बरं होईल," तो म्हणाला. "तुम्ही मात्र ओरडत जा, इवाकिरीसान. दर चेंडूला."