खरवडून काढलेलं

सकाळी साडेनऊला रंगाऱ्याच्या बायकोला इस्पितळातून घरी आणलं. दहा वाजायच्या आत कळलं की कॉम्प्युटरला तिचे डोळे ओळखता येत नाहीत.

आजाराने तिचे हातपाय गेले होते, वाचाही गेली होती. स्क्रीनखाली पट्टीसारखा एक कॅमेरा बसवलेला होता. ती एकेका अक्षराकडे बघायची, कॅमेरा तिची नजर टिपायचा आणि ओळ पुरी झाली की कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचायचा. एका वाक्याला कपातला चहा निवून जायचा, पण वाक्य यायचं, आणि बहुधा टोमणाच असायचा. ‘शर्टाला रंग लागलाय की रंगाला शर्ट?’ हा त्यातला शेवटचा.

ती इस्पितळात असताना रखडणारा कॉम्प्युटर रंगाऱ्याने हाती घेतला. घरी आल्यावर तिला भरभर बोलता यावं, एवढाच हेतू. नवी सिस्टिम टाकताना स्क्रीनने विचारलं, जुनं ठेवायचं की सगळं काढायचं? पोपडे खरवडल्याशिवाय नवा रंग धरत नाही, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. त्याने सगळं काढलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मेहुणी खुर्ची ओढून बसली.

“जुन्याची कॉपी ठेवलीत?”

“कशाला? कचरा होता ना तो?”

“भावजी, जळमटं काढायला गेलात आणि भिंतच पाडलीत.” तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. यादीत कॅमेऱ्याच्या नावापुढे बिघाडाचा पिवळा त्रिकोण होता. “कॅमेरा धडधाकट आहे. त्याची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर. तो गेला.”

“मग दुसरा टाक.”

“कंपनीच बंद पडलीय. शोधते.”

कॅमेऱ्याचा ओळख क्रमांक उतरवून तिने त्यावरून एक ड्रायव्हर शोधला आणि टाकला. स्क्रीनभर बायकोचा डोळा उमटला, ओला, बुबुळात खिडकीसकट. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

“दिसतेय की!”

“दिसतेय, पण कुठे बघतेय ते त्याला कळत नाही. हा साध्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आहे.”

तो पलंगाशी जाऊन बसला. आता दोघांत उरलं होतं ते इतकंच: पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

“पाणी हवंय?” नाही. “उशी टोचतेय?” नाही. “काही सांगायचंय?” हो.

“माझ्याबद्दल?” हो.

“रागावलीस?” नाही.

“मग काय गं?”

या प्रश्नाला पापणीने उत्तर देता येत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो सुचेल ते विचारत गेला: औषधं, घराची किल्ली, तिची आई, त्याचं खाणंपिणं. सगळ्याला नाही. आपल्याला किती थोडे प्रश्न सुचतात, हे त्याला त्या दुपारी समजलं.

चारच्या सुमाराला मेहुणीला इंटरनेटवर एक माणूस भेटला. त्याची आई हाच कॅमेरा वापरायची. ती वारली, पण तिचा कॉम्प्युटर त्याने मोडीत काढला नव्हता. त्याने ड्रायव्हर पाठवला. तो टाकल्यावर पिवळा त्रिकोण गेला, कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले आणि स्क्रीनवर एक ठिपका आला. नजर नव्याने जुळवायची होती, ठिपका जाईल तिकडे बघायचं होतं. दोनदा जुळणी फसली.

मेहुणीने त्याला दाराबाहेर नेलं. “ड्रायव्हर चालतोय, भावजी. पण ताईची पापणी अर्धी खाली आलीय, त्याला बुबुळ नीट सापडत नाही. पुसलेल्यात आधीची जुळणी होती, ती राहिली असती, तर कदाचित चाललं असतं.”

“कदाचित?”

“खात्रीने नाही सांगता येत.”

त्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि ते बोलून दाखवणारी आत पडून होती.

तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटरने निम्मेच ठिपके मान्य केले आणि अक्षरं मांडली. ती बराच वेळ एका जागी बघत राहिली. ‘न’ उमटला.

“नको? नको म्हणतेस? काय नको?” त्याने विचारलं.

पापण्या मिटल्या, एकदा, आणि उघडल्या नाहीत. तो दुसऱ्यांदा मिटण्याची वाट बघत बसला. श्वास चालू आहे. झोप लागलीय, असं मेहुणी म्हणते. सात वाजेपर्यंत ‘न’पुढे दुसरं अक्षर आलेलं नाही.