वनाआबांचा रेडिओ बिघडेल शे

आमच्या घरात सोफा नाही. होता, पण त्या जागी आता लाकडी पेटीतले वॉल्व्हचे जुने रेडिओ आहेत, आणि आलेला पाहुणा पलंगाच्या कडेला बसून चहा पितो. आमचे हे, म्हणजे लीलाधर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं होतं, आता जरा घरात लक्ष द्या. त्यांनी दिलं. घरात मोकळी भिंत कुठे कुठे आहे ते बघितलं.

रेडिओ आणायला बायको कशाला लागते, असं कुणीही विचारेल. लागते. जळगाव-धुळ्याकडच्या या रेडिओवेड्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपची एक रीत आहे. रेडिओ घ्यायचा तर आधी तो मालकाच्या दारात वाजवायचा, मगच उचलायचा. आणि वाजला की त्या क्षणी मालकाचं तोंड कसं होतं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. म्हातारी माणसं रडतात, हसतात, एक जण तर नाचला होता. खाली सगळे हात जोडतात. यांचे हात पेटीत अडकलेले, म्हणून मोबाइल धरायला मी. नशिराबादच्या एका बाईंनी रडायला इतका वेळ लावला की माझा दंड भरून आला.

तर साक्रीच्या पलीकडे एका गावात वनाआबांकडे डोळेवाला रेडिओ आहे, असं यांना कळलं. डोळेवाला म्हणजे पेटीवर एक छोटी गोल काच असते, तिच्यात हिरवा उजेड, आणि स्टेशन बरोबर लागलं की त्या उजेडातली काळी फट मिटत आलेल्या डोळ्यासारखी आकसते. असा आमच्याकडे नव्हता. त्या आठवड्यात हे माझ्याकडे कमी आणि पुढच्या खोलीच्या भिंतीकडे जास्त बघत होते. त्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे. मी म्हटलं, हात लावून बघा.

रविवारी आम्ही धुळ्यावरून तिकडे पोचलो. वनाआबा ओट्यावर बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ताठ, डोक्यावर पांढरी टोपी. गावातला पहिला रेडिओ त्यांचा. संध्याकाळी बातम्या नि बाजारभाव ऐकायचे आणि सगळ्या गावाला सांगायचे. हे सगळं आम्ही गाडीतून उतरायच्या आतच त्यांनी सांगितलं, आणि असं ओरडून की शेजारची शेळी उठून उभी राहिली.

"काही बी व्हवो, गाव म्हने वनाले इचारा!" आबा म्हणाले. "आते बिघडना तो. डोया मिटस, पन आवाज नही. आनि लोके बी आते तोंडमातोंडमा बोलतस."

"म्हणजे काहीतरी किरकोळच आहे," हे म्हणाले, आणि पोतं अंथरून बसलेसुद्धा. पाणी नाही, गूळ नाही, दोन शब्द नाहीत. रेडिओ दिसला की यांची माणुसकी बंद पडते.

मी पाणी मागायला आत गेले. आबांच्या घरवाल्या भिकुबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तांब्या दिला आणि माझं मनगट धरलं, ते सोडेचनात.

"ताई, तुमना त्यासले सांगा, वाजाडू नका. तसाच लई जा."

मला वाटलं, काही दोष लपवताहेत. मी म्हटलं, "बिघडलेला आहे ते माहीत आहे हो आम्हाला."

"रेडिओ चांगला शे," भिकुबाई म्हणाल्या. "त्यासना कान गयात."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. दोन-तीन वर्षांमागे आबांना रेडिओ ऐकू येईनासा झाला. आबा म्हणाले, रेडिओ बसला. भिकुबाई हो म्हणाल्या. आणि कुणी शेजारी येऊन 'अरे, वाजतोय की' म्हणून बसू नये, म्हणून आबा शेतात गेलेले असताना त्यांनी मागचं झाकण काढून आतली एक वायर ओढून ठेवली. गल्लीला सांगितलं, आबांशी मोठ्याने बोला, पण कानाचं नाव काढू नका. गल्ली ओरडते. आबांच्या मोठ्या भावाचे कान गेले तेव्हा लोकांनी त्याला काही विचारणं सोडलं, आणि तो बाजेवरून उठला नाही तो उठलाच नाही.

"यासले समजनं ना ताई, तर हाई बी उठावूत नही," त्या म्हणाल्या. "म्हनीसन तो रेडिओ घरमाईन जाऊ द्या."

पाणी राहिलं, मी तांब्या तिथेच ठेवला. कारण बाहेर बसलेला माणूस कसा आहे ते मला माहीत आहे. रेडिओ न वाजवता उचलायचा नाही हे त्याचं तत्त्व आहे. बाकी कशात त्याचं एक तत्त्व नाही.

मी धावत बाहेर आले. यांनी झाकण काढलेलं, टॉर्च दातात. मी वाकून म्हटलं, "अहो, राहू द्या, तसाच नेऊ."

"वाजवल्याशिवाय मी घेत नाही," हे टॉर्चसकट म्हणाले.

"अहो, त्यांचे का..."

"काय म्हनी राहिनी ताई?" आबा समोरच बसलेले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि माझ्या ओठांकडे टक लावून. "मोठाईन बोला!"

"ऊन फार आहे म्हटलं, आबा!" मी ओरडले.

"हां, ऊन शे," आबा खूश झाले.

मी यांना चिमटा काढला. हे जरा सरकून बसले. त्यांना वाटलं, मी उजेडात येतेय. दुसरा काढला तर म्हणाले, "मोबाइल काढ, मोबाइल." आणि मग एकदम हसले, पोराला हरवलेली गोटी सापडावी तसे. "ही बघ! कुठल्या गाढवाने स्पीकरची वायर ओढून ठेवलीय!"

भिकुबाई चहा घेऊन मागेच उभ्या होत्या. "च्या ल्या," त्या म्हणाल्या.

यांनी गरम सोल्डरने वायर जागेवर डागली. जुना रेडिओ थेट विजेवर लावत नाहीत, मध्ये एक बल्ब जोडतात, आत काही गडबड असली तर बल्ब भक्कन पेटतो. मी त्या बल्बला मनातल्या मनात नवस बोलले, पेट बाबा. तो मेला नुसता मिणमिणला. यांनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं, व्हिडिओत दणक्यात यायला पाहिजे म्हणून. वॉल्व्ह तापले, काचेत हिरवा डोळा उघडला. यांनी काटा सरकवला. डोळा आकसत आला आणि रेडिओ बोंबलला:

"...शेळ्यांना जंताचे औषध पावसाळ्यापूर्वी पाजावे!"

ओट्याओट्यांवरून माना वळल्या. शेळी पुन्हा उठली. आणि मी मोबाइलमध्ये आबांचं तोंड बघत होते. त्या तोंडावर काही झालं नाही. ते यांच्याकडे बघत होते, आत्ता वाजेल, मग वाजेल, अशा चेहऱ्याने. मला ते बघवेना. मी मोबाइल खाली केला.

"नाही वाजला," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "कामिनी, तुझे कान गेलेत का?" असं म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर आबांवर गेली. मग भिकुबाईंवर. मग त्या वायरवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या डोक्यात काही शिरताना मी पहिल्यांदाच बघितलं.

हे उठले. आजवर हातात घेतलेला एकही रेडिओ यांनी मुका सोडलेला नाही, ग्रुपवर यांना डॉक्टर म्हणतात. हे आबांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "आबा, नाही जमलं! गेला हा!"

"औषधाचे प्रमाण शेळीच्या वजनावरून ठरवावे," रेडिओ म्हणाला.

"माझ्याच्याने होत नाही, आबा! बिघडलाय!" यांचे कान लाल झाले होते. मला त्यांची इतकी माया आली की त्या क्षणी मी आईचा फोटोसुद्धा काढून दिला असता. गल्लीत कुणी हसलं नाही. समोरच्या बाई तर एवढ्या गोंगाटात तांदूळ निवडायला लागल्या.

आबांनी मान हलवली. यांच्या खांद्यावर थोपटलं, व्हस भाऊ, व्हस, चालायचंच, अशा बेताने. मग सरकून त्यांनी पेटीवर तळवा ठेवला, पोराला ताप आहे का बघावं तसा. जरा वेळ तसाच ठेवला. मग यांना खुणेने जवळ ओढलं आणि कानात हळूच काहीतरी सांगितलं.

आबांना वाटलं, हळूच. ते साऱ्या गल्लीला ऐकू गेलं.

"आवाज कमी कर, भाऊ. पेटी थरथरी राहिनी. माले समदं समजस. तिनी वायर तोडी ना, तवयच मी झाकन खोली दखं व्हतं, आनि तसंच लाई दिन्हं. मन्हं मन दुखाले नको म्हनीसन करं बिचारीनी. तिले सांगू नको."

यांनी बटण फिरवून आवाज बंद केला. भिकुबाई तीन हातांवर उभ्या होत्या, रिकामा ट्रे छातीशी धरून. त्यांचे कान चांगले आहेत. मी त्यांच्याकडे बघायची नाही असं ठरवलं आणि बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण पुसलं असतं तर आबांना दिसलं असतं.

मग त्या पुढे आल्या, आबांच्या कानाशी वाकल्या आणि नेहमीसारख्या ओरडल्या, "रेडिओ बिघडेल शे! भाऊ म्हनस, दुरुस्त नही व्हनार!"

आबांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओल्या गालांकडेही बघितलं.

"मी बी तेच सांगस," आबा म्हणाले. "बिघडेलच शे."

"मंग बिघडेल रेडिओ पाहुनास्ले कसा देवाना?"

"कसा देवाना?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे घरमा."

 हे खाली बसले, आताच डागलेली वायर सोडवली आणि पहिल्यासारखी ओढून ठेवली. आबांनी मागचं झाकण उचलून जागेवर धरलं, आणि भिकुबाई एकेक स्क्रू यांच्या हातात देत राहिल्या.