पोरीच्या मापाचा पलंग

लुसेआनेनं पोरीचा पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात घातला, बटण लावलं आणि वरून हात फिरवून पाहिला. फुगवटा दिसत नव्हता. बाहेर अंगणात फाने गाडीच्या दाराशी उभी राहून हॉर्न वाजवावा तशी खोकत होती.

"आले हं, वन्सं."

"ये सावकाश. विमान काय, तुझ्यासाठी थांबेलच."

विमान संध्याकाळी सहाला होतं आणि आता कुठे सकाळचे आठ वाजले होते. मधला सगळा वेळ लुसेआनेला रस्त्यावर काढायचा होता. घरात बसलं की माणूस बोलायला लागतं. म्हणून काल रात्री भांडी विसळता विसळता ती सहज बोलावं तसं बोलली होती, "वन्सं, तीन आठवडे झाले, तुम्ही या मांगेरेच्या वस्तीबाहेर पडलाच नाहीत. उद्या तुम्हाला ऑकलंड दाखवते." फाने तिच्याकडे पाहत म्हणाली होती, "दाखव."

सहा वर्षांची सियाले मागच्या सीटवर कधीच चढून बसली होती. सियाले हे फानेच्या आईचं नाव. बारा दिवसांच्या पोरीला ते नाव फानेनंच टोंगातल्या हापाई बेटावरून फोनवर दिलं होतं. आत्याचा मान तो, त्यात कुणी काही बोलायचं नसतं.

आत्याचे मान तेवढ्यावर संपत नाहीत. टोंगाच्या माणसाच्या घरात बहीण भावाच्या वर. आणि फाने तर लुसेआनेच्या नवऱ्याची, मानासेची, थोरली बहीण, आई गेल्यावर त्याला हातानं भरवून वाढवलेली. ती घरात उतरली त्या दिवसापासून मानासे, बहीण झोपते त्या छपराखाली भावानं झोपू नये या रीतीप्रमाणे, गॅरेजमध्ये झोपत होता आणि तिच्यासमोर मान वर करत नव्हता. अशा बहिणीनं घरातल्या एखाद्या वस्तूला नुसतं 'चांगली आहे' म्हटलं की ती वस्तू तिची. पहिल्या आठवड्यात विजेची किटली चांगली निघाली. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या खोलीचे पडदे. लुसेआनेनं दोन्ही वेळा हसून बांधाबांध केली. उघड्या खिडकीतून आता शेजाऱ्याचा कुत्रा घरात बघत बसायचा.

तिसऱ्या आठवड्यात फानेनं सियालेला दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर तळहात आडवा धरला, सुतळीनं उंची मापली आणि गावच्या सुताराला फोन लावला. "पलंग कर. एवढा. आणि वाढती पोर आहे, वीतभर जास्त धर."

त्या रात्री लुसेआने गॅरेजमध्ये गेली तेव्हा मानासे बूट पुसत बसला होता.

"तिनं पोर मागितली तर मी नाही म्हणणार नाही," तो म्हणाला.

"आणि मी?"

त्यानं दुसरा बूट हातात घेतला. पोर त्याचीही जाणार होती, पण तो बूट पुसत राहिला.

दोन दिवसांनी फानेच्या पिशवीतून चष्मा काढून देताना लुसेआनेला विमानाची दोन तिकिटं दिसली. एकावर फानेचं नाव होतं. दुसऱ्यावरच्या सियालेच्या नावाची सगळी अक्षरं तिनं नीट वाचली.

मागणं अजून झालं नव्हतं. ते भावाच्या कानावर पडेल असं करायचं असतं, आणि मानासे कामावरून थेट विमानतळावर येणार होता.

"पोरीचा पासपोर्ट कुठे असतो?" गाडी वळणावर आली तेव्हाच फानेनं विचारलं.

"मुदत संपली होती, वन्सं. नवा करायला टाकलाय."

"अस्सं." फानेनं काच खाली केली, वर केली. "गाडीत एवढी ऊब आहे, तू कोट कशाला घालून बसलीस?"

"अंगात कणकण आहे."

"मग फिरायला कशाला निघालीस?"

लुसेआनेनं वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

ओटाऱ्याच्या शनिवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. फानेनं अळकुड्यांच्या ढिगापाशी बसकण मारली, एकेक उचलून नखानं टोकरली आणि भाव ऐकून परत ठेवली.

"अळकुडी विकतोस की चर्चची वर्गणी गोळा करतोस?"

विकणारा हापाईचाच निघाला. हसून त्यानं दोन जास्त टाकल्या. "काय करू मावशी, हीसुद्धा विमानानंच येते, तुमच्यासारखी." मग फानेच्या झग्याआडून डोकावणाऱ्या सियालेकडे बघून म्हणाला, "नात का?"

"भाची. भावाची पोर."

"तुमचंच नाक घेतलंय की. चांगली आहे."

लुसेआनेच्या हातातली पिशवी तशीच उघडी राहिली. फाने पोरीच्या नाकाकडे पाहत होती. तिनं पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"नाक तर डुकरालाही असतं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

सियाले खिदळली. आत्याचं हे असलं बोलणं तिला फार आवडायचं. तीन आठवडे ती आत्याच्या मागे शेपटीसारखी फिरत होती, रात्री तिच्या कुशीत झोपत होती, आणि हापाईला डुकरं घरात येतात का, रात्री दिवे असतात का, समुद्र दारातून दिसतो का, असं विचारून विचारून तिनं सगळं पाठ केलं होतं. ते ऐकलं की लुसेआने न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची.

तिथून ती त्यांना मिशन बेच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, वारा अंगाला झोंबत होता, तरी आखूड चड्ड्या घातलेली गोरी माणसं पाण्याच्या कडेनं पळत होती. फाने बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिली.

"कोण लागलंय यांच्या मागे?"

"कुणी नाही, वन्सं. तब्येतीसाठी पळतात."

"एवढा समुद्र पुढ्यात, आणि एकाच्याही हातात गळ नाही." तिनं पोरीला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि वर शालही गुंडाळली. पोर पाय हलवत खात होती. फाने तिचे हलणारे पाय बघत होती. लुसेआने घड्याळ बघत होती. साडेअकरा.

"आता डोंगरावर जाऊ या का? वरून सगळं शहर दिसतं."

"डोंगर नको. पॉन्सनबीला चल."

"तिथे काय आहे, वन्सं? कॉफीची दुकानं नुसती. आपलं आता कुणी राहत नाही तिथे."

"तू चालव. रस्ता मी सांगते."

लुसेआनेला वाटलं, म्हातारी उगीच बोलतेय. पण फानेनं खरंच रस्ता सांगितला. दुकानं बदलली होती, खुणेची झाडं गेली होती, तरी चर्चच्या कोपऱ्यावर तिनं बोट डावीकडे केलं, उतारावर पुन्हा डावीकडे केलं, आणि एका पांढऱ्याशुभ्र लाकडी घरासमोर म्हणाली, "थांब."

ती उतरली. पोरीलाही उतरवलं. फाटकाची कडी वरून हात घालून काढली, जणू रोज काढत होती, आणि आत जाऊन पुढच्या पायरीवर बसली. शेजारी सियालेला बसवलं. लुसेआने फाटकाशीच घुटमळली. दुसऱ्याच्या, त्यातून असल्या गोऱ्या, पैसेवाल्या लोकांच्या घरात विनाकारण शिरलं तर पोलीस बोलावतात, एवढं तिला या शहरात जन्म काढून ठाऊक होतं.

"वन्सं, उठा. कुणी येईल."

कुणी आलंच. दार उघडून पांढऱ्या केसांची, पातळ ओठांची बाई बाहेर आली. "काही हवंय का तुम्हाला?"

"काही नको," फानेनं मान न वळवता सांगितलं. "मी इथे राहायचे."

"कधी?"

"तू याला पांढरा रंग फासायच्या कितीतरी आधी. तेव्हा हिरवं होतं. मागच्या खोलीत आम्ही नऊजण झोपायचो."

बाई दाराला धरून उभी राहिली. तिनं फोन काढला नाही, आतही गेली नाही.

"आत्या, तू लहान होतीस तेव्हा?" सियालेनं विचारलं.

"तुझ्याएवढी. माझ्या आत्यानं मागितलं मला. माझ्या बापासमोर म्हणाली, पोरगी चांगली आहे. झालं. आले."

"विमानानं?"

"बोटीनं. तुझ्यासारखी चैन नव्हती." फानेनं पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आत्या काही वाईट नव्हती. पोटभर जेवायला घालायची. कधी हात उचलला नाही."

लुसेआनेनं फाटक घट्ट धरलं. ही पोरीची तयारी चालली होती. असं असतं, असं घडतं, घाबरायचं नाही, हे तिला हळूच पाजलं जात होतं.

"मग तू इथे बसून काय करायचीस?"

"मोटारी बघायचे. आत्यानं सांगितलं होतं, निळी मोटार आली की तुझी आई येईल."

"आली?"

"निळ्या मोटारी पुष्कळ आल्या. मी हापाईला परतले ती आई गेल्यावरच."

सियाले रस्त्याकडे बघायला लागली. एक लाल गाडी गेली, एक पांढरी गेली. मग तिनं निळी शोधायला मान लांब केली, तशी फानेनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे फिरवलं.

"बघू नकोस तिकडे. ऊठ. पायरी गार आहे."

फाटकातून निघताना तिनं दारातल्या बाईला सांगितलं, "तिसऱ्या फळीखाली कुजलंय. आवाज येतो. बघून घे."

परतीच्या रस्त्यावर लुसेआनेनं दोनदा वळण चुकवलं. एकदा चुकून, एकदा मुद्दाम. दुसऱ्यांदा फाने म्हणाली, "सरळ रस्त्याशी तुझं भांडण आहे का?" लुसेआनेच्या कपाळावर घाम आला होता, पण तिनं कोटाचं बटण उघडलं नाही.

विमानतळावर टोंगाला जाणाऱ्यांची रांग खोक्यांनी आणि गुंडाळलेल्या चटयांनी भरली होती. मानासे कामाच्या कपड्यांतच खांबापाशी उभा होता, बहिणीपासून आठ-दहा पावलं लांब, नजर बुटांवर. सियालेनं त्याच्या हातातली निरोपाची चॉकलेटगोळ्यांची माळ ओढून घेतली आणि आत्याच्या गळ्यात घातली. ती दोन वेळा कानाला अडकली.

सामान गेलं. किटली गेली, पडदे गेले. फानेच्या पिशवीतली तिकिटं तिच्या हातात आली. दोन्ही.

"मानासे," तिनं हाक मारली, भावाकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघून. पण एवढ्या मोठ्यानं, की रांगेतली हापाईची चार माणसं वळली. "तुझ्या पोरीबद्दल बोलायचंय."

मानासेनं डोळे मिटले. लुसेआनेनं सियालेचा हात इतका दाबला की पोर कळवळली.

"ही पोर," फाने म्हणाली, "काही कामाची नाही."

रांगेतली माणसं हलेनात.

"पाय काड्यांसारखे. जीभ लांब. अळकुडी ताटात ठेवते आणि आइस्क्रीम मागते. रात्रभर लाथा झाडते. असली पोर माझ्या घरात नको."

मानासेचे खांदे हळूहळू खाली आले. मान खालीच होती, पण त्यानं हात मागे नेऊन खांबाचा आधार घेतला. रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, "ऐकलं आम्ही. आता पुन्हा मागता यायचं नाही," आणि पुढे सरकली.

लुसेआनेला आधी काही ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं ते सियालेचं.

"मी खाते, आत्या." तिनं आईच्या हातातून हात सोडवला. "अळकुडी मी खाते. काल दोन खाल्ल्या. मी चांगली आहे. आई, सांग ना, मी चांगली आहे."

फानेनं तिच्याकडे पाहिलं. गळ्यातली माळ तिनं मुठीत धरली होती आणि मुठीत कागद करकरत होते.

"नाहीस," ती म्हणाली.

मग ती लुसेआनेकडे वळली आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझा कोट मात्र चांगला आहे."

लुसेआनेनं तो काढला. घडी घालून दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि धरल्यावर तिच्या लक्षात आलं. तोवर फानेनं तो अंगात घातला होता. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. फानेनं आतल्या खिशाशी हात नेला, बटण काढलं, पासपोर्ट बाहेर काढला आणि उघडूनही न बघता लुसेआनेच्या हातावर ठेवला.

"हे तुझं. जपून ठेव. नवा करायला फार दिवस लागतात म्हणे."

लुसेआनेनं पासपोर्ट दोन्ही हातांत धरला. तोंडून शब्द निघाला तो भलताच निघाला.

"वन्सं, तो पलंग..."

"कोनफळांना जमिनीवर ओल लागते," फाने म्हणाली. "ती ठेवीन त्यावर."

ती दाराकडे निघाली. चालता चालता तिनं माळेतली एक गोळी सोलली आणि तोंडात टाकली. वळून पाहिलं नाही. सियाले आईच्या पोटात तोंड खुपसून रडत होती आणि मध्येच श्वास घेऊन, ऐकणारं कुणी उरलं नव्हतं तरी, सांगत होती की ती सगळ्या अळकुड्या खाईल.

मानासे जवळ आला आणि त्यानं पोरीला उचलून घेतलं. लुसेआने तशीच उभी होती. थंडी वाजत होती. पासपोर्ट कुठे ठेवावा म्हणून तिनं दोनदा कमरेपाशी हात नेला, पण झग्याला खिसा नव्हता. मग तिनं तो गाडीपर्यंत हातातच नेला, सगळ्यांना दिसेल असा.